तुपाची वाट

कोळवणला आम्ही राहायला आलो ते माझ्या नोकरीमुळे. पिरंगुटच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. ओळखीतून एका शेतकऱ्याच्या घरामागच्या दोन खोल्या मिळाल्या. पुढे त्यांचं घर, बाजूला गोठा, मागे आम्ही आणि आमच्यामागे थेट भाताची खाचरं. मी भंडारा जिल्ह्यातला. आमच्याकडेही हेच पीक, फक्त आम्ही त्याला धान म्हणतो. बायको म्हणाली होती, तुम्हाला इथे करमेल, गावासारखंच दिसतंय. मला मात्र ते तसं दिसणंच नको होतं. बाबा गेल्यापासून गावी मी दोन दिवसांपेक्षा जास्त राहिलो नव्हतो.

घरमालकांच्या मुलीचा साखरपुडा होता तेव्हाची गोष्ट. अंगणात पंगत बसली होती. मावशी, म्हणजे घरमालकीण, स्वतः तुपाचं भांडं घेऊन फिरत होत्या. पुरणपोळीवर एकदा तूप घातलं, मी हात आडवा धरला, तर त्यांनी हातावरूनच आणखी ओतलं.

"अवो भाऊ, लाजताय काय? घरच्या म्हशीचं हाय. जरा अंगाला लागू द्या की, लई वाळलायसा तुमी."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी लघवी पांढरी झाली. दुधात थोडंसं पाणी घालावं तशी पांढरी. मी बादलीभर पाणी ओतलं, परत ओतलं आणि तिथेच उभा राहिलो. भीती नंतर वाटली. आधी मला ते ओळखीचं वाटलं.

मी दुसरी-तिसरीत असेन. बाबा जेवून उठले की बांधापलीकडे जायचे, पार पळसाच्या झाडांपर्यंत. बाकीचे बाप्ये घरामागच्या कुंपणाशी उरकायचे, हे मात्र एकटेच लांब जायचे. एकदा मी मागून गेलो. ते वळले तेव्हा मी अगदी जवळ होतो. झाडाच्या बुंध्याशी माती ओली झाली होती आणि त्या ओलीवर पांढरी साय धरल्यासारखं दिसत होतं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. रागावले नाहीत. पायाने माती ओढून त्यांनी ते झाकलं, म्हणाले, "चाल." वाटेत माझा हात धरला होता, तो घर येईपर्यंत सोडला नाही. त्यावर आम्ही पुढे कधी बोललो नाही.

गावात मात्र बोलणं व्हायचं. त्याला धात जाते, असं म्हणायचे. पुरुषाची ताकद लघवीवाटे वाहून जाते, असा त्याचा अर्थ होता, आणि ती कशाने जाते याबद्दल जो तो आपापल्या मनाने काहीबाही ठरवायचा. काका त्यांना एका वैदूकडे घेऊन गेले. मुळ्या आल्या, चूर्णं आली. बाबा वाळतच गेले. गालफडं बसली. दुपारी धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसले की उठवत नसे.

आईला कुणी काही सांगितलं नव्हतं. तिला दिसत होतं ते एवढंच, की नवरा खातो आणि तरी वाळतो. मग तिने तिच्या परीने उपाय केला. दुधावरची सगळी साय साठवून ती तूप कढवायची आणि ते फक्त बाबांच्या ताटात पडायचं. भातावर तूप, चटणीवर जवसाचं तेल. आम्हा पोरांच्या वाटचं दूधही त्यांनाच. बाबा मान खाली घालून ते सगळं खायचे. नको म्हटलेलं मी ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मात्र बांधापलीकडून यायला त्यांना जास्त वेळ लागायचा.

मी दहावीत असताना ते गेले. पाय सुजले होते, ताप येत होता, आणि एका तापातून उठलेच नाहीत.

कोळवणच्या त्या सकाळनंतर मी बायकोला काही सांगितलं नाही. कधी चार दिवस सगळं स्वच्छ असायचं, मला वाटायचं सुटलो. मग एखाद्या सकाळी पुन्हा तेच. तिच्या आधी उठून मी संडास धुऊन टाकायचो. ती स्वयंपाकघरात भात पसवायला बसली की मी तिथून उठून जायचो. पातेल्यातून पडणारी ती पांढरी पेज मला बघवायची नाही.

पुढेपुढे घरात संडास असून मी सकाळी खाचराकडे जायला लागलो. हे मी कधी सुरू केलं ते मला आठवत नाही. एक दिवस पाय मातीवर फिरवतोय असं माझ्याच लक्षात आलं. मी मागे वळून पाहिलं. मागे कुणीतरी लहान मूल उभं असणार असं मला अगदी खरं वाटलं होतं. तिथे नुसतं धुकं होतं. आमच्या घराचा पत्रादेखील दिसत नव्हता.

घरमालक तेवढ्यात गोठ्यातून बाहेर आले. "भाऊ, संडास तुंबलाय व्हय? तसं सांगा की, मानूस बोलवतो."

"नाही काका, सहज," मी म्हणालो.

पट्ट्याला मी नवीन भोक पाडून घेतलं होतं. दाढी करताना आरशात गालांकडे बघत नव्हतो. कारखान्यात मालाच्या पेट्या मोजताना मध्येच खाली बसावंसं वाटायचं. डॉक्टरकडे जाता आलं असतं, पिरंगुटात पावलोपावली दवाखाने आहेत. पण डॉक्टरसमोर तोंडातून जो शब्द काढावा लागेल तो माझ्या बापाला चिकटलेला होता. तो मला उच्चारायचा नव्हता.

मग एका रविवारी घरमालकांकडे मटण होतं. त्यांनी आग्रहाने डबा पाठवला, वर तेलाचा लाल तवंग होता. मी चवीने जेवलो. सोमवारी सकाळी लघवी मोकळी झाली नाही. आधी थेंब थेंब आली, मग तीही थांबली. दहा वाजेपर्यंत ओटीपोट दगडासारखं झालं होतं आणि मी गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर आडवा पडलो होतो. बायकोने पुढे धावत जाऊन घरमालकांना हाक मारली. त्यांनी लगेच जीप काढली.

पौड ओलांडेपर्यंत प्रत्येक खड्ड्याला माझ्या तोंडून आवाज निघत होता. शेवटी घरमालक म्हणाले, "आरं मुतखडा असंल. माझ्या मेव्हन्याला झालता. रडत हुता पोरीवानी. लाजायचं न्हाई त्यात."

पुण्यातल्या एका हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी नळी घातली. नळीतून आधी गुठळ्या आल्या, खरवसाच्या तुकड्यांसारख्या थलथलीत आणि पांढऱ्या, आणि मग पिशवी भरत गेली. बायको पलंगाशेजारी उभी होती. पिशवीत दूध भरल्यासारखं दिसत होतं. तिने आधी पिशवीकडे, मग माझ्याकडे पाहिलं.

"हे कधीपासून आहे?"

"साखरपुड्यापासून."

ती खाली बसली आणि माझ्या पायावर हात ठेवून राहिली.

संध्याकाळी डॉक्टरबाई आल्या. वयाने माझ्याएवढ्याच असतील. त्यांनी पिशवी उजेडाकडे धरून पाहिली आणि मला विचारलं, "तुम्हाला काय वाटतं, काय आहे हे?"

बी.कॉम. झालेला, कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस मी. माझ्या तोंडून निघालं, "धात."

त्या हसल्या नाहीत. खुर्ची ओढून बसल्या. "धात नाही. पू नाही. ही चरबी आहे. काल तुम्ही काय खाल्लंत?"

"मटण."

"मग ही त्या मटणातली."

त्यांनी कागद घेतला आणि पेनाने आतड्याचं चित्र काढलं. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, म्हणाल्या. त्या प्रत्येक केसात दोन प्रकारच्या वाटा असतात. एक रक्ताची. भात-भाकरीतली साखर, डाळीतली प्रथिनं, हे सगळं पचून सुटं होतं आणि रक्तातून सरळ यकृताकडे जातं. तूप-तेल तसं जात नाही. ते पचतं, पण आतड्याच्या भिंतीत गेल्यावर पुन्हा जुळतं आणि त्याचे बारीक थेंब तयार होतात. रक्तवाहिनीत शिरायला ते थेंब मोठे पडतात. म्हणून केसाच्या मधोमध त्यांच्यासाठी दुसरी नळी असते, लसिकेची.

"लसिका म्हणजे?"

"अंगभर रक्तवाहिन्यांच्या जोडीने आणखी एक जाळं असतं. त्यात पाण्यासारखा रस वाहतो, ती लसिका. जेवणात तूप-तेल असलं की आतड्याकडची लसिका दुधासारखी पांढरी होते. सगळ्यांचीच होते, माझीही. ती पोटातून वर चढते, पाठीच्या कण्याच्या पुढून छातीतून जाते आणि इथे," त्यांनी स्वतःच्या डाव्या गळपट्टीच्या हाडाखाली बोट ठेवलं, "इथे मोठ्या शिरेत पडते. तिथून पुढे ती चरबी रक्तात मिसळते आणि अंगाला लागते."

अंगाला लागते. मावशींचे शब्द होते ते, आणि आईचेही.

"तुमच्यात ही वाट वर कुठेतरी अडली आहे. मागे दाब वाढला, नळ्या फुगल्या, आणि एखादी किडनीच्या आत फुटली. त्यामुळे जे छातीतून वर जायचं ते लघवीत उतरतंय. चरबी तर जातेच, बरोबर प्रथिनंही जातात. तुम्ही वाळलात ते त्यामुळे." मग त्यांनी विचारलं, "लहानपण कुठे गेलं?"

मी सांगितलं.

"गावात हत्तीपाय झालेली माणसं होती?"

होती. आमच्या शेजारची एक बाई पाटावर पाय ठेवून बसायची, तो पाय मला अजून दिसतो. डॉक्टरबाई म्हणाल्या, तोच आजार. डासातून बारीक जंत अंगात जातात आणि या लसिकेच्या नळ्यांमध्ये राहतात. काहींचा पाय सुजतो, काहींना वर्षानुवर्षं काहीच होत नाही. मग कधीतरी असं होतं.

"म्हणजे ते आत्ता माझ्या आत आहेत?"

"तपासू. बहुतेक मेले असतील केव्हाच. पण ते जिथे राहिले त्या नळ्या पुन्हा पहिल्यासारख्या होत नाहीत."

त्या उठायला लागल्या तेव्हा मी बाबांबद्दल विचारलं. बांधापलीकडची ती ओली माती, ते वाळणं, पाय सुजणं, सगळं सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच ते मी कुणाला सांगत होतो, आणि बायकोही पहिल्यांदाच ऐकत होती.

"मी न बघितलेल्या पेशंटचं खात्रीने काही सांगू शकत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "पण शक्य आहे. तुम्ही सांगता त्यावरून खूप शक्य आहे."

"आणि अशा माणसाला तूप दिलं तर?"

"जितकं द्याल तितकं वाहून जाईल. वर दाबही वाढेल."

घरी आलो ते गोळ्या आणि पथ्य घेऊन. तूप, तेल, साय, दाणे, खोबरं सगळं बंद. त्याऐवजी एक खास तेल दिलं होतं, नारळापासून काढलेलं, पण साधं खोबरेल नव्हे. त्यातली चरबी लहान तुकड्यांची असते, ती लसिकेच्या वाटेला न जाता रक्तातूनच यकृताकडे जाते, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. बायको ते चमच्याने भाजीत घालायची.

मावशींना हे पटायला वेळ लागला. "तूप न्हाई, त्याल न्हाई? मंग मानसानं खायाचं काय?" पण नंतर त्या स्वतःहून भाजलेल्या वांग्याचं बिनतेलाचं भरीत पाठवायला लागल्या. वाटी देताना म्हणायच्या, "बोट बी लावलं न्हाई तेलाचं. सासऱ्याची शपत."

मग आई आली. मी आजारी आहे एवढंच तिला फोनवर सांगितलं होतं. नागपूरहून रेल्वेने पुण्याला आणि तिथून एसटीने कोळवणला, सत्तरीची बाई एकटी आली. पिशवीतून तिने कपड्यांच्या आधी तुपाची बरणी काढली. पहिल्याच जेवणाला ती माझ्या ताटाशेजारी बसली, भातात खळगा केला आणि तुपाचा चमचा उचलला.

बायको म्हणाली, "आई, नको. त्यांना तूप बंद आहे."

"काहून? एवढ्याशा तुपानं का होते?"

इथे मी चुकलो. हॉस्पिटलमधून आल्यापासून तो कागद माझ्या डोक्यात फिरत होता, आणि इतक्या वर्षांनी एका गोष्टीचं कारण कळल्याचा एक प्रकारचा आनंदही मला झाला होता. मी आईला सगळं समजावून सांगायला लागलो. आतड्यातली लव, दोन वाटा, छातीतून वर जाणारी पांढरी नळी. ती कशी अडते, कशी फुटते. लघवी दुधासारखी होते, हेही सांगितलं. माणूस खातो पण त्याच्या अंगाला लागत नाही.

आई लक्ष देऊन ऐकत होती. चमचा तिच्या हातातच होता.

"अन् तूप खाल्लं का जास्त होते?"

"हो ना. जितकं खावं तितकं..."

आणि मी थांबलो. पण ऐकायचं ते तिने ऐकलं होतं. तिने चमचा बरणीत परत ठेवला. झाकण लावलं, ते पेचात नीट बसेना, तरी फिरवत राहिली. बायकोने तिच्या हातातून बरणी घेतली.

"जेवून घे बाबू," आई मला म्हणाली. स्वतः ती त्या दिवशी जेवली नाही.

त्यानंतरचे दिवस कठीण गेले. आई कामं करायची, बोलायची नाही. मी लघवीला गेलो की ती हातातलं काम थांबवून दाराकडे बघत राहायची. मी बाहेर आलो की माझ्या चेहऱ्याकडे बघायची, पण विचारायची नाही. मी जेवताना ती समोर बसत नव्हती. मला वाटायचं, ताटावर मी एकटा बसलेलो नाही, आणि तिलाही तसंच वाटत असणार. दोन खोल्यांत आम्ही तिघं आणि ज्याच्याबद्दल कुणीच बोलत नव्हतं असा चौथा.

मी तिला एकदा म्हणालो, "आई, बाबांबद्दल डॉक्टरलाही खात्री नाही. तुला तरी कसं कळणार होतं?"

"मी तुले काही म्हटलं का?" एवढंच ती म्हणाली.

पथ्याने पुष्कळ कमी झालं, पण थांबलं नाही. शेवटी पुन्हा दाखल झालो. लघवीच्या मार्गाने बारीक दुर्बीण घालून डॉक्टरांनी पाहिलं. डाव्या किडनीकडून पांढरं येत होतं. त्या बाजूला त्यांनी औषध सोडलं. त्याने आतली ती फुटकी तोंडं चिकटून बंद होतात, म्हणाले. दोनदा केलं. दुसऱ्या खेपेनंतर लघवी स्वच्छ झाली आणि स्वच्छच राहिली. डॉक्टरबाईंनी मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, काही जणांचं काही वर्षांनी उलटतं. अडलेली वाट अडलेलीच आहे, फक्त गळती बंद झाली आहे.

मी सुट्टीवर होतो तेव्हा एका दुपारी आई आणि मावशी अंगणात पावटे सोलत बसल्या होत्या. मी दारात खुर्ची टाकून बसलो होतो. आईचं बोलणं मावशींना निम्मं कळायचं, मावशींचं आईला निम्मं. पण त्यांचं चाललेलं असायचं. आई अचानक म्हणाली, "आमचा माणूस लय चांगला होता. पण बोलत नव्हता."

"बाप्यांचं तसंच," मावशी म्हणाल्या. "मरतील पन सांगायचे न्हाईत. हे तुमचं पोरगं बी तसंच. जीपमदी घातला तवा कळलं आमाला."

मावशी गोठ्याकडे गेल्या. आई थोडा वेळ शेंगा सोलत राहिली, मग हात थांबवून माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबू, त्यायले दुखत होतं का रे?"

बाबांना जाऊन पंचवीसेक वर्षं झाली. ते आता मलाच विचारता येत होतं, कारण तेच मला झालं होतं.

ती गुठळी अडकली होती ती सकाळ मला आठवली. बाबांना तसं कधी झालं होतं का, मला माहीत नाही. मी ते सांगितलं नाही.

"दुखत नाही आई. अजिबात दुखत नाही. नुसती भीती वाटते."

"कायची?"

"कुणाला सांगायची."

तिने मान हलवली. सोललेल्या दाण्यांतून एक किडका दाणा शोधून काढला आणि बाजूला टाकला.

"मले तरी सांगायचं होतं," ती म्हणाली. ते ती मला म्हणाली की त्यांना, मला कळलं नाही. मी खुर्चीवरून उठून तिच्याजवळ खाली बसलो, आणि मावशी परत येईपर्यंत आम्ही दोघं शेंगा सोलत राहिलो.